‘फुल इन्शुरन्स’ म्हणून थर्ड पार्टी गळ्यात मारली

आधी आकडे सांगते, कारण लाज तिथेच आहे. गाडीच्या विम्याचे एजंटला दिले 13,900. कंपनीकडे पोचले 4,031. मधले 9,869 त्याच्या खिशात, आणि गॅरेजचं 71,380 चं बिल माझ्या माथी. मी अकाउंट्सचं काम करते, दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासते. त्यामुळे घरच्यांचं जे बोलायचं ते बोलून झालंय, तुम्ही राहू द्या.

रिन्यूअलला शोरूमने 17,260 सांगितले होते. हा माणूस म्हणाला, “ताई, 13,900 मध्ये फुल करून देतो. फर्स्ट पार्टी, बंपर टू बंपर, तुमचा 45 टक्के एनसीबीपण लावतो.” (एनसीबी म्हणजे क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट.) ऑफिसातल्या तिघांच्या गाड्यांचं त्यानेच केलेलं, म्हणजे मी काही रस्त्यावरचा माणूस धरला नव्हता. व्हॉट्सअॅपवर कोटेशन आलं, त्यात सगळं होतं: ओन डॅमेज म्हणजे आपल्याच गाडीचं नुकसान, झिरो डेप म्हणजे पार्ट्सच्या किमतीतून घसारा न कापणं, आयडीव्ही म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, 4,85,000. मग म्हणाला, लिंक चालत नाहीये, मी भरतो, तुम्ही मला टाका. मार्चअखेर, मान वर करायला फुरसत नाही. टाकले, त्याच्या स्वतःच्या यूपीआयवर. कोटेशन म्हणजे पॉलिसी नव्हे, आणि पैसे कंपनीच्याच नावाने गेले पाहिजेत, हे मला काय माहीत नव्हतं?

संध्याकाळी पीडीएफ आली आणि मी ती उघडली. न उघडता फसले असते तर एवढं लागलं नसतं. नाव बघितलं, गाडीचा नंबर बघितला, तारीख बघितली, बंद केली. वर ठळक अक्षरांत ‘लायबिलिटी ओन्ली’ लिहिलेलं, म्हणजे फक्त थर्ड पार्टी. आयडीव्हीच्या चौकटीत शून्य. ओन डॅमेजचा रकाना अख्खा कोरा. बेसिक टीपी 3,416, जीएसटी 614.88. हा 3,416 म्हणजे 1000 ते 1500 सीसीच्या खासगी गाडीचा थर्ड पार्टीचा दर, तो सरकार ठरवतं. रोज 18 टक्के काढणारी मी, स्वतःच्या कागदावर बेरीजसुद्धा वाचली नाही. मालक-चालकाचं 15 लाखांचं अपघात कव्हरही त्याने ‘आधीच आहे’ म्हणून परस्पर उडवलं होतं.

नऊ महिन्यांनी पुढच्या ट्रकने कचकन ब्रेक मारला आणि मी मागून धडकले. बंपर, बॉनेट, रेडिएटर, डावा हेडलाइट. ट्रकला ओरखडा नाही. आणि माझ्या पॉलिसीत भरपाई होती ती फक्त ट्रकची! थर्ड पार्टी म्हणजे समोरच्याचा जीव, समोरच्याची इजा आणि साडेसात लाखांपर्यंत समोरच्याचा माल. आपली गाडी जळो, चोरीला जावो, एक रुपया नाही.

नुसती कॉम्प्रिहेन्सिव्ह (थर्ड पार्टी अधिक ओन डॅमेज) असती तरी पूर्ण पैसे आले नसतेच. प्लास्टिकच्या बंपरचे निम्मे कापतात, माझ्या पावणेपाच वर्षांच्या गाडीच्या पत्र्याचे 35 टक्के. ती कपात वाचते झिरो डेपमुळे, तरी सुरुवातीचे 1,000 आपणच भरायचे. पाण्यात गाडी चालू करून इंजिन बसलं तर त्याला झिरो डेपही उपयोगी नाही, इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं. ‘फर्स्ट पार्टी’ आणि ‘फुल’ हे शब्द पॉलिसीवर कुठेही नसतात. एजंट ते बोलला की समजा, तो कागदाबद्दल बोलतच नाहीये.

आता तक्रारीचं ऐका. कंपनी म्हणते, हा माणूस आमचा नाहीच, पॉलिसी दुसऱ्याच एजंट कोडवरून निघालीये, आम्हाला 4,031 मिळाले, आम्ही 4,031 चं कव्हर दिलं. मग तो कोड कुणाचा? “ते सांगता येत नाही मॅडम.” पाच ईमेल, पाच वेगवेगळे तिकीट नंबर, उत्तर एकच, शेवटचा स्वल्पविरामसुद्धा तोच. पोलीस ठाण्यात अडीच तास बाकावर बसवलं आणि विचारलं, “पॉलिसी खोटी आहे का?” नाही. “मग फसवणूक कसली? सही करून घेतली ना?” सही कुठली, ओटीपी होता, आणि तोही त्यानेच फोनवर मागून घेतलेला. त्यावर ते म्हणाले, ओटीपी कशाला दिलात. म्हणजे गुन्हा माझाच! अर्जावर शिक्का मिळवायला तिसरी खेप घालावी लागली. तो घेतल्याशिवाय उठू नका.

कंपनीने तक्रार फेटाळली किंवा 30 दिवसांत उत्तर दिलं नाही की विमा लोकपालाकडे जाता येतं, वकील लागत नाही. माझा अर्ज गेलाय. सोबत ते कोटेशन जोडलंय, तेवढं मी डिलीट केलं नव्हतं.

चार वर्षं एकही क्लेम न करता जमवलेला एनसीबीही गेला. ओन डॅमेज 90 दिवसांपेक्षा जास्त खंडित राहिलं की तो शून्य होतो, आणि माझं नऊ महिने नव्हतंच.

त्या माणसाचा नंबर अजून चालू आहे. माझा फोन उचलत नाही. परवा नवऱ्याच्या मोबाइलवरून लावला, तर पहिल्याच रिंगला आवाज आला, “बोला सर, कुठली गाडी आहे?”