एफईसीची देणगी-माहिती: इंटर्नच्या कितपत कामाची?

अमेरिकी निवडणूक-निधीवर इंटर्नशिप करणाऱ्यांसाठी फेडरल इलेक्शन कमिशनचं (एफईसी, या निधीवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) संकेतस्थळ म्हणजे फुकटचा खजिना, पण जपून उपसावा. वैयक्तिक देणग्यांची मोठी फाइल एक्सेलमध्ये उघडू नका: साधारण साडेदहा लाखांच्या पुढच्या ओळी कापल्या जातात, शिवाय 01152024 सारख्या तारखेतला पहिला शून्य उडतो. आर किंवा पायथन या प्रोग्रामिंग भाषांमध्ये तारीख मजकूर म्हणूनच वाचा. रकान्यांची नावं वेगळ्या फाइलमध्ये आहेत.

खरी गोम दुहेरी नोंदींची. ॲक्टब्लूमार्फत (डेमोक्रॅटिक उमेदवारांसाठी ऑनलाइन देणग्या गोळा करून पुढे पाठवणारी संस्था) आलेली देणगी उमेदवाराच्या अहवालात 15ई, तर ॲक्टब्लूच्या अहवालात 24टी या व्यवहार-कोडाखाली येते. सरसकट बेरीज केली की आकडा फुगलाच. 24टी वगळा. मात्र 200 डॉलरच्या आतले देणगीदार उमेदवाराच्या यादीत नावानिशी सहसा नसतात, ते शोधायचे तर त्याच 24टी ओळी चाळाव्या लागतात. आणि देणगीदाराला कायमचा ओळख क्रमांक नाही, ही उणीव अक्षम्यच.