बेळगावच्या टिळकवाडीतलं डॉक्युमेंट्री वर्कशॉप: पहिला दिवस सोडा, दुसरा चुकवू नका

मी खानापूरचा, लग्नाची शूटिंग करतो, ड्रोनबिन सगळं आहे. पोस्टरवर मोठ्या अक्षरात 'डॉक्युमेंट्रीत करिअर' बघितलं आणि १५०० रुपये भरले, जेवण धरून. आयोजकांचं नाव मुद्दाम घालत नाही, मंडळी चांगली आहेत, नियोजन तेवढं गंडलंय.

पहिला दिवस वाया. नऊची वेळ, सर उगवले साडेदहाला, आणि मग कॅमेऱ्याचे प्रकार किती, ट्रायपॉड कसा लावायचा... अहो समोर वीस जण बसलेत त्यातले निम्मे माझ्यासारखे लग्नवाले, आम्हाला ट्रायपॉड काय शिकवायलाय? खिडक्या उघड्याबोडक्या त्यामुळे स्क्रीनवर काय दिसेना, दुपारी लाईट गेली ती तासभर आलीच नाही. जेवण मात्र झकास, शेवटाला कुंदा होता, दोनदा घेतला.

दुसऱ्या दिवशी जायचं नाही असंच ठरवलेलं पण पैसे भरलेत म्हणून गेलो आणि बरं झालं. त्या दिवशी एडिटिंग करणाऱ्या एक मॅडम होत्या, त्यांनी अख्खे चार तास एकाच बाईवर घेतले, लॉरा पॉइट्रस, अमेरिकेतली, मी नाव पण ऐकलेलं नव्हतं. आधी शेफ होती म्हणे, मग कॅमेऱ्याकडं वळली. २००५ च्या निवडणुकीच्या वेळी इराकमध्ये एकटीच जाऊन बगदादच्या एका डॉक्टरच्या मागं आठ महिने फिरली, सोबत ना लाईटवाला ना साऊंडवाला. ती फिल्म २००६ ला आली, ऑस्करचं नॉमिनेशन मिळालं, आणि त्यानंतर स्वतःच्याच देशात परत येताना विमानतळावर तिला चाळीसहून जास्त वेळा बाजूला घेऊन चौकशी झाली. हे ऐकताना आमच्या बाकावर सगळ्यांना महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरचा कोगनोळी नाकाच आठवला, बेळगावात कर्नाटकचं अधिवेशन आलं की तिथं कोण कुणाला अडवतंय ते आपण बघतोच, पण ते आणि हे एक नव्हे असं मॅडमनीच लगेच सुनावलं, ते आवडलं.

शेवटी वैतागून २०१२ ला ती बर्लिनला गेली, फुटेज जप्त होईल म्हणून एडिटिंग पण तिकडंच. २०१३ च्या जानेवारीत तिला 'सिटिझनफोर' नावानं एका अनोळखी माणसाचे ईमेल यायला लागले, तो म्हणजे अमेरिकी सरकारची लोकांवरची पाळत उघड करणारा स्नोडेन, आणि जूनमध्ये हाँगकाँगच्या हॉटेलात तिनं त्याला शूट केलं. त्याच नावाची ती फिल्म २०१४ ची, २०१५ ला ऑस्कर. त्यातला खोलीतला भाग दाखवला. एक बेड, एक खिडकी, बस. फायर अलार्म वाजतो तर हे सगळे दचकतात, पासवर्ड टाकताना तो गडी डोक्यावरून कापड ओढून घेतो. आम्ही असतो तर ड्रोन उडवला असता आणि मागं बासरी टाकली असती.

मग मॅडमनी विचारलं, दहा वर्षांपूर्वीचं स्वतःचं फुटेज कुणाकडं आहे? एक हात वर आला नाही. २०१४ लाच बेळगावजवळच्या येळ्ळूरची 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेली पाटी हटवली तेव्हा मी तिथं होतो, मोबाईलवर बरंच शूट केलेलं, नंतर मोबाईल फॉरमॅट मारला आणि गेलं सगळं. तीन कॉप्या ठेवा, त्यातली एक घराबाहेर, एवढंच त्या म्हणाल्या. घरी येऊन पहिली हार्ड डिस्क मागवली. दोन पोरांनी कन्नडमधनं विचारलं तर त्यांना कन्नडमधनंच सांगितलं, तेही छान.

पण पैशाचं काय? तिथं गाडी अडली. पॉइट्रसला २०१२ ला मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, पाच वर्षांत मिळून ५ लाख डॉलर, हे ऐकून खानापूरच्या पोरानं कॅमेऱ्याचा हप्ता कसा फेडायचा? मुंबईचा डॉक्युमेंट्रींचा मिफ महोत्सव १९९० पासून चालतोय, त्याची एन्ट्री कशी भरायची, डॉक्युमेंट्री काढणारी सरकारी फिल्म्स डिव्हिजन एनएफडीसीत, म्हणजे सरकारच्याच फिल्म महामंडळात, गेली मग आता अर्ज कुठं करायचा, यातलं एक अक्षर नाही. पोस्टरवर करिअर लिहिलंय तर तेवढं सांगा की.

पाचातले तीन स्टार, तिन्ही मॅडमचे. पुढची बॅच असेल तर एका दिवसाची फी घेतात का विचारून बघा. सर्टिफिकेट आलं पण त्यावर माझं आडनाव 'खानापुरे' करून टाकलंय, दुरुस्तीला मेसेज टाकलाय, ब्लू टिक आल्यात, उत्तर नाही.