तळ्याकाठी नऊ महिने वापरलेला तंबू: सगळं चेनवर येऊन अडलं

गेल्या रविवारी पावसानं उघडीप दिली तेव्हा तंबू धुऊन गच्चीत वाळत घातला आणि ठरवलं की आता सगळं लिहूनच टाकायचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये घेतलेला, चार माणसांचा, दुहेरी कापडाचा गोल तंबू. किंमत ५,४०० रुपये. जूनपर्यंत अकरा रात्री त्यात काढल्या, सगळ्या पाण्याच्या काठी. सात पवनेला, दोन मुळशीला, दोन भंडारदऱ्याला. कापड किती एमएमचं (म्हणजे पाण्याचा किती दाब अडवतं), वजन किती, उभा करायला किती वेळ लागतो हे विक्रीच्या पानावर आहे आणि ते बरोबर आहे, म्हणून त्यात शिरत नाही. कंपनीचं नावही लिहीत नाही. माझी तक्रार ज्या एका तुकड्याबद्दल आहे तो मी याच दरातल्या आणखी दोन तंबूंनाही अगदी तसाच पाहिला.

तो तुकडा म्हणजे चेनचा रनर. बोटाच्या पेराएवढा. साडेपाच हजारांच्या वस्तूत त्याची किंमत पाच-सहा रुपये असेल.

डोंगरावर तंबूची चेन नीट लागली नाही तर थंडी वाजते, डास चावतात. पाण्याच्या काठी गोष्ट वेगळी आहे. माझी धाकटी लेक सहा वर्षांची आहे आणि ती झोपेत उठून चालते. पवनेला आमचा तंबू पाण्यापासून चाळीस पावलांवर असतो. रात्री माझ्या लेकीच्या आणि पाण्याच्या मध्ये दुसरं काही नसतं, ती चेनच असते. म्हणून पहिल्याच खेपेला मी तिच्या जुन्या पैंजणातला एक घुंगरू काढून आतल्या दाराच्या रनरला दोऱ्यानं बांधला. चेन हलली की मला जाग येते. लहान मुलं घेऊन काठावर राहणाऱ्यांनी एवढं कराच, तंबू कुठलाही असो.

पवना धरण आमच्यासाठी परकं नाही. चिंचवडला आमच्या नळाला येणारं पाणी तिथूनच नदीत सोडतात आणि रावेतला उचलतात. त्यामुळे काठावर भांडी घासणं, साबण लावून अंघोळ करणं आमच्याकडे चालत नाही. कॅनमधलं पाणी घेऊन वर शेताच्या बांधापलीकडे जायचं आणि तिथे घासायचं. सासूबाईंचा हा नियम आहे आणि तो मला मनापासून पटतो.

नोव्हेंबरची पहिली रात्र छान गेली. एका बाजूला तिकोना किल्ला, दुसऱ्या बाजूला तुंग, पाणी काठोकाठ. पहाटे मात्र सगळ्यांच्या पांघरुणावर थेंब. नवरा म्हणाला, तंबू गळतो, परत करू. मी वरच्या कापडाला बाहेरून हात लावून पाहिला, तर तिथे दवच दव. आतून लावला तर तिथेही पाणी. पाऊस नव्हता, मग गळणार काय? आमच्या पाच जणांच्या (हो, चार माणसांच्या तंबूत पाच, त्यातली दोन मुलं) श्वासातली वाफ थंड कापडाला लागून तिचं पाणी झालं होतं. तळ्याकाठी हवा आधीच ओलसर असते, त्यात आम्ही थंडी नको म्हणून दोन्ही दारं गच्च लावली होती. या तंबूबद्दल ‘आतून गळतो’ असं लिहिणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं हेच झालं असणार. उपाय सोपा आहे. आतलं जाळीचं दार पूर्ण लावायचं आणि बाहेरच्या दाराची चेन वरच्या बाजूनं वीतभर उघडी ठेवायची. या दाराला दोन रनर आहेत, त्यामुळे ती वरून उघडता येते आणि खाली बंद राहते. पुढच्या खेपेला पांघरुणं कोरडी राहिली. तेव्हा मी या तंबूला मनात पैकीच्या पैकी गुण देऊन टाकले होते.

डिसेंबरपासून रनर अडायला लागला.

कारण शोधायला मला दोन खेपा लागल्या. आमच्याकडे नवरा आणि भाऊजी दोघंही गळाचे शौकीन. पहाटे पाचला उठायचं, अंधारात आमिष मळायचं, कणीक आणि शेंगदाण्याची पेंड, आणि मग काही ना काही विसरलं म्हणून तीनदा तंबूत यायचं. तेच हात रनरला. पेंडीचा चिकटा, त्यावर काठावरचा गाळ. धरणाचा गाळ वाळूसारखा खरखरीत नसतो, पिठासारखा मऊ असतो, म्हणून तो दिसत नाही. तो रनरच्या तोंडात जाऊन बसतो आणि दर वेळी चेन ओढली की आतला धातू थोडा थोडा घासला जातो. झिजून तोंड सैल झालं की रनर पुढे जातो आणि चेन मागून उघडत येते. जानेवारीत तेच झालं. चेन लावल्यासारखी दिसायची आणि मध्येच हातभर फट पडायची. घुंगरू वाजायचाच नाही, कारण रनर जागेवर आणि दार मधून उघडं. त्या रात्री मी दाराला पाठ लावून बसून राहिले.

मासेमारीबद्दल एक सांगून ठेवते, कारण विचारणारे भेटतात. जलाशयात मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सोसायटीकडे असतो. आम्ही आधी गावात विचारतो, मगच गळ टाकतो. बहुतेक वेळा चिलापीच लागते, एखाद्या वेळी राहू. महाशीर लागलाच तर सोडायचा असं घरात ठरलेलं आहे. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महाशीरची पिल्लं तयार करून सोडतात, आणि आपण तो तव्यावर टाकायचा हे बरं नाही.

तर, जानेवारीतच कंपनीला फोन केला. वॉरंटी एक वर्षाची, तंबू तीन महिन्यांचा. उत्तर मिळालं की चेन ही झिजणारी वस्तू, ती वॉरंटीत बसत नाही. मी फोटो पाठवले, व्हिडिओ पाठवला. सात मेल झाले. मग म्हणाले, अख्खा तंबू पाठवा, पाहून सांगतो, जाण्यायेण्याचा खर्च तुमचा. तो कुरिअरवाल्याकडे विचारला तर १,१८० रुपये, म्हणजे तंबूच्या किमतीचा पाचवा हिस्सा. मी म्हटलं, नुसते सहा रनर पाकिटात घालून पाठवा, पैसे मी देते. तर सुटे भाग विकत नाही म्हणाले. वापरणाऱ्याला सहा रनर विकायची सोय नसेल तर वॉरंटीचं कार्ड छापू नये. इतका संताप मला त्या वर्षात दुसऱ्या कशाचा आला नाही.

इथपर्यंतचं मी फेब्रुवारीत वहीत लिहून ठेवलं होतं आणि शेवटी ‘घेऊ नका’ असं दोनदा अधोरेखित केलं होतं. ते आता खोडते आहे, आणि का ते सांगते.

मधल्या काळात काम चालवलं. पक्कडीनं रनरच्या दोन्ही कडा हलक्या हातानं दाबल्या की तोंड पुन्हा आवळतं. जोर जास्त झाला तर रनर तुटतो, माझा एक तुटला. दाबल्यावर चेनवर साधी मेणबत्ती घासायची. तेल लावू नका, तेलावर गाळ आणखी चिकटतो. या उपायावर मुळशीच्या दोन रात्री गेल्या. तिथे वारा फार, तंबूबरोबर आलेल्या बारीक खुंट्या मुरमात वाकल्या. घरी येऊन फॅब्रिकेशनवाल्याकडून आठ एमएमच्या सळईच्या फूटभर लांब खुंट्या करून घेतल्या, वर हूक वळवून. वीस रुपयाला एक. त्या अजून एकही वाकलेली नाही.

भाऊजींची हवा भरायची छोटी होडी आहे. तिच्याबद्दल थोडक्यात: दुपारी तीननंतर पाण्यात घालायची नाही. उन्हाळ्यात तेव्हाच वारा उठतो आणि काठ दिसत असतो पण येत नाही. मे २०२४ मध्ये उजनीत वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले, ते वाचल्यापासून घरात कुणीही, पट्टीचा पोहणाराही, जॅकेटशिवाय होडीत बसत नाही. आणि मुलांचं जॅकेट घेताना पायांमधून येणारा पट्टा आहे का ते बघा. तो नसेल तर पाण्यात जॅकेट वर सरकतं आणि मूल खाली राहतं. लेकीचं आधीचं जॅकेट मी याच कारणानं बदललं.

आता भंडारदरा. मे २०२५ चा तिसरा आठवडा. काजव्यांच्या ओढीनं गेलो होतो. त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच आला, २६ मे ला मान्सून मुंबईत पोचला सुद्धा, पण त्याआधीच वळवाच्या सरींनी झोडपायला सुरुवात केली होती. १९२६ साली बांधून पूर्ण झालेलं ते दगडी धरण मे महिन्यात बरंच उतरतं. पाणी आत गेलेलं आणि मधे भेगाळलेला गाळ. हौशी लोक त्या गाळावरच तंबू टाकतात. गावातले एक मामा आम्हाला म्हणाले, “ताई, तिथं नका. पाऊस आला तर तिथनं गाडी सोडा, पाय निघायचा नाही.” आम्ही वर हिरड्याच्या झाडापासून लांब, मुरमाड जागा घेतली. झाडाखाली नको, हेही त्यांनीच सांगितलं.

पहिल्या रात्री सादड्याच्या झाडावर काजवे लागले होते. एका फांदीवर पेटायचे, मग शेजारच्या, मग सगळं झाड एकदम विझायचं. लेक माझ्या कडेवर होती आणि एक शब्द बोलली नाही.

दुसऱ्या रात्री अकराला वीज, वारा आणि आडवा पाऊस. शेजारी तीन तंबू होते, त्यातला एक उडाला आणि तारेच्या कुंपणाला जाऊन अडकला. आमच्या तंबूच्या काड्या इतक्या वाकल्या की छत माझ्या कपाळाला टेकलं. वाटलं, मोडल्याच. वारा पडला की पुन्हा ताठ. परत वाकल्या, परत ताठ. चाळीस मिनिटं हे चाललं. एकही काडी तडकली नाही, एकही शिवण उसवली नाही. खालून वाहतं पाणी गेलं, ते हाताला थंड लागत होतं, पण आत थेंब आला नाही. ज्या तंबूला मी नावं ठेवत होते त्यानं माझं कुटुंब कोरडं ठेवलं, हे मला मान्य करायलाच हवं.

आणि त्याच चाळीस मिनिटांत बाहेरच्या दाराच्या रनरनं दगा दिला. मी चेन खाली ओढते, ती वरून उघडते. पाऊस सरळ आत. नवरा बाहेर दोऱ्या ताणत होता. सासूबाई उठल्या, काही न बोलता दोन्ही हातांतल्या बांगड्यांना अडकवलेल्या सेफ्टी पिना एकेक करून काढल्या आणि माझ्या हातात देत गेल्या. नऊ पिना. मी कापडाच्या दोन्ही कडा दुमडून वरपासून खालपर्यंत टोचत आले. विजेच्या उजेडात एक दिसायची, पुढची चाचपून लावायची. शेवटची पिन लागली आणि दार मिटलं. त्या बांगड्यांच्या पिनांवर आम्ही एरवी हसतो. आता माझ्याही बांगडीला चार असतात.

घरी आल्यावर चिंचवडला दप्तरं आणि बॅगा शिवणाऱ्या काकांकडे तंबू घेऊन गेले. त्यांनी भिंग वगैरे काही न घेता चेन बोटांत धरली आणि म्हणाले, “चेन चांगली आहे हो, रनर हलका टाकलाय.” मग मला समजावलं. ही पाच नंबरची चेन, म्हणजे दात मिटल्यावर साधारण पाच एमएम रुंद. शाळेच्या दप्तरालाही हीच लागते. पण दप्तराची चेन हातभर सरळ असते. इथे दार अर्धगोल, कापड ताणलेलं, त्यामुळे वळणावर सगळा भार रनरवर. बाहेरच्या दाराला आठ नंबरची हवी होती. आतल्या जाळीला भार नाही, तिथे पाचच बरी, फक्त रनर जड हवा.

आतले चार रनर बदलले, तीस रुपयाला एक. बाहेरच्या दाराची अख्खी चेन उसवून आठ नंबरची घातली, दोन जड रनरसह, ३१० रुपये. एकूण ४३०. तीन दिवस लागले. नव्या शिवणीच्या भोकांतून पाणी येऊ नये म्हणून मी आतून सीलंटची पट्टी ओढली, एक दिवस वाळवली आणि गच्चीत बादलीनं पाणी मारून पाहिलं. नाही आलं.

तेव्हा, घेणाऱ्यांनो, हा तंबू घ्या. पण ५,४०० चा समजू नका, ५,८३० चा समजा, आणि पहिल्या खेपेआधीच रनर बदलून घ्या. चार माणसं म्हणजे तीन मोठी किंवा दोन मोठी आणि दोन मुलं, सामान बाहेर. माझ्यासारखं पाच जणांना कोंबू नका, आम्ही आता सासूबाईंसाठी दोन माणसांचा वेगळा बघतो आहोत, आणि त्याची चेन मी दुकानात जाऊन हातानं ओढून बघणार आहे. गळवाल्यांसाठी आमच्या तंबूबाहेर आता पाण्याची बादली आणि पंचा असतो. हात धुतल्याशिवाय रनरला हात नाही.

वाळल्यावर काल संध्याकाळी हॉलमध्ये तंबू उभा करून पाहिला. लेक आत शिरली आणि आतून म्हणाली, “आई, मी लावते.” जड रनर तिच्या बोटांना जरा घट्टच जातो. तिनं दोन्ही हातांनी धरून खालपर्यंत ओढला. कुठे फट नाही. घुंगरू मी नव्या रनरला बांधला आहे, तो वाजला.