आजारी सरपटणारा सोबती: उपचार, घरची शुश्रूषा की शांत मरण?

निर्णयाला बसण्याआधी प्राणी जिथे ऊब घेतो त्या जागेचं तापमान मोजा. हवेचं नव्हे, तो ज्या दगडावर किंवा फळीवर पोट टेकतो तिचं. बिअर्डेड ड्रॅगन या सरड्याला तिथे ३८ ते ४२ अंश सेल्सिअस लागतं, लेपर्ड गेको या पालीला पोटाखाली ३१ ते ३३, बॉल पायथन या अजगराला उबदार टोकाला ३१-३२. याहून आठ-दहा अंश कमी असलं की हे प्राणी खात नाहीत, खाल्लेलं पचत नाही, प्रतिकारशक्ती मंदावते आणि टोचलेलं औषधही हवं तसं लागू पडत नाही. गारठलेला प्राणी मरणाला टेकल्यासारखाच दिसतो. नीट ऊब मिळाल्यावर दोन-तीन दिवसांत डोळे उघडून फिरायला लागला, तर प्रश्न निम्मा सुटला. यूव्हीबीची (अतिनील किरण देणाऱ्या दिव्याची) नळीही तपासा. ती उजेड देत राहते, पण तिचा अतिनील मारा सहा ते बारा महिन्यांत बराच उतरलेला असतो.

दुसरी फसगत उपासाची. बॉल पायथन विणीच्या हंगामात कित्येक महिने तोंड लावत नाही, बिअर्डेड ड्रॅगन आणि काही कासवं थंडीत सुस्तावतात. हे आजारपण नव्हे. फरक वजनकाटा सांगतो: सुस्तावलेल्याचं वजन जवळपास टिकतं, आजारी प्राण्याचं उतरतं. दहा टक्क्यांहून जास्त घट झाली असेल तर ती सुस्ती समजू नका. ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा पुरतो.

एवढं करूनही प्राणी खालावतच असेल, तर तीन वाटा उरतात.

उपचार चालू ठेवणं

या प्राण्यांचं शरीर संथ चालतं, म्हणून बरं होणंही संथच. श्वसनाच्या संसर्गात सापाला सेफ्टाझिडाइम हे प्रतिजैविक दर ७२ तासांनी टोचतात आणि ते काही आठवडे चालतं. कासवाची फुटलेली पाठ भरायला अनेक महिने जातात, कधी वर्षही. त्यामुळे ‘आठवडा झाला, काही फरक नाही’ हे मरण देण्याचं कारण होऊ शकत नाही.

दिसायला भयंकर पण बऱ्या होणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत. पाणकासवाचे डोळे सुजून बंद झाले असतील तर बहुतेक वेळा अ जीवनसत्त्वाची कमतरता असते. अंडी अडकली असतील तर शस्त्रक्रियेने सुटतात. पाठीचं कवच फुटलं तरी मज्जारज्जू शाबूत असेल तर आशा असते. कच्च्या माशांवर, विशेषतः गोल्डफिशवर, वाढवलेला गार्टर साप झटके देऊ लागला तर त्याला बी-१ जीवनसत्त्व टोचून बघितल्याशिवाय मेंदूचा आजार म्हणून सोडून देऊ नये. आंधळा साप वासावर खातो. पाय किंवा शेपूट गेलेला सरडा वर्षानुवर्षं जगतो. आपल्याला त्याच्याकडे बघवत नाही, हे त्याच्या वेदनेचं मोजमाप नाही.

कॅल्शियमअभावी हाडं ठिसूळ होतात त्या आजाराची दोन टोकं आहेत. जबडा रबरासारखा मऊ, बोटं थरथरतात, पण प्राणी स्वतः सरकतो आणि हग-मूत होते, तर कॅल्शियम, योग्य दिवा आणि काही महिने पुरतात. जबडा वाकडा राहील, आयुष्य चांगलं जाईल. मात्र कणाच मोडला, मागचे पाय ओढले जातात, क्लोएकावर (मळ-मूत्राच्या एकत्र वाटेवर) ताबा नाही आणि दर वेळी पोट दाबून मळ काढावा लागतो, तर उपचाराने फक्त दिवस वाढतात.

मूत्रपिंड निकामी होणं आणि अवयवांत युरिक आम्ल साचणं यात कल वाईटच, पण एका रक्ततपासणीवर निकाल देऊ नका. शरीरातलं पाणी आटलेलं असताना युरिक आम्ल वाढलेलं दिसतं, आणि नुकतंच मांस खाल्लेल्या प्राण्यातही दिसतं. द्रव चढवून, पोट रिकामं असताना पुन्हा तपासा. तरीही युरिक आम्ल चढंच राहिलं आणि फॉस्फरस कॅल्शियमच्या वर गेला, तर शांत मरणाचं बोलायची वेळ आली.

उपासाने खंगलेल्याला घाईने नळीतून पौष्टिक लापशी भरवणं ही नेहमीची चूक. आधी ऊब, मग द्रव (दिवसाला दर किलो वजनामागे साधारण १० ते ३० मिलि), आणि अन्न त्यानंतर, पातळ आणि थोडंसं. एकदम भरपूर दिलं तर रक्तातले क्षार कोसळतात आणि वाचला असता तो प्राणी खाऊ घातल्यामुळे जातो.

हा मार्ग घेताना डॉक्टरांकडून मुदत लिहून घ्या: कोणत्या तारखेला कोणता एक्स-रे, कोणती रक्ततपासणी, किती ग्रॅम वाढ दिसली पाहिजे. मुदत नसलेला उपचार हळूहळू छळ होतो, कारण रोज पकडणं, तोंड उघडणं, सुई टोचणं हेही त्या जिवावर ओझंच असतं.

घरी ठेवून ‘निसर्गावर सोडणं’

ही वाट सगळ्यात दयाळू वाटते आणि बहुतेक वेळा सगळ्यात क्रूर निघते. चयापचय संथ असल्यामुळे उपाशी साप किंवा कासव दिवसांत नाही, महिन्यांत मरतं. ते विव्हळत नाही, म्हणून दुखत नाही असं आपण धरून चालतो. त्याच्या दुखण्याची भाषा वेगळी असते: रंग काळपट राहणं, दिवसाही डोळे मिटलेले, उजेडाखाली न येणं, सापाची जीभ बाहेर न येणं, हात लावला की अंग आखडणं.

घरची शुश्रूषा एकाच परिस्थितीत योग्य: म्हातारा प्राणी, आजार कळलेला, तरीही स्वतः खातो, स्वतः उबेकडे जातो आणि मळ टाकतो. त्यातही वेदनाशामक हवंच, आणि ते जातीप्रमाणे बदलतं. मॉर्फिनचा बिअर्डेड ड्रॅगनवर आणि लाल कानाच्या कासवावर परिणाम दिसला आहे, त्या कासवांवर ट्रामाडॉलचाही. कॉर्न सापावर मात्र मॉर्फिनचा तसा परिणाम आढळला नाही. म्हणून माणसाच्या गोळीचा तुकडा अंदाजाने देऊ नका.

वही ठेवा: दर आठवड्याला वजन, आणि रोज चार गोष्टी, म्हणजे खाल्लं का, उबेकडे गेला का, मळ पडला का, नेहमीची एखादी खोड केली का. लागोपाठ दोन आठवडे बहुतेक उत्तरं ‘नाही’ आली की ही वाट संपली.

शांत मरण

इथे सरपटणारे प्राणी कुत्र्या-मांजरांपेक्षा फार वेगळे आहेत आणि ते डॉक्टरांना ठाऊक आहे का, हे आधी विचारावं. यांचा मेंदू प्राणवायूशिवाय बराच वेळ तग धरतो. मान छाटली तरी डोक्यातली जाणीव बराच वेळ राहू शकते. उलट मेंदू संपल्यावरही हृदय तासन्तास धडधडू शकतं.

म्हणून रीतसर काम दोन टप्प्यांत होतं. आधी स्नायूत भूल. चिमटा घेतल्यावर पाय मागे ओढला जात नाही आणि पापणीला हात लावला तरी हालत नाही, इथवर थांबायचं. मग शिरेत किंवा पोटाच्या पोकळीत पेन्टोबार्बिटल या भुलीच्या औषधाची जास्तीची मात्रा. पोटात दिलेलं औषध सावकाश चढतं, अर्धा तास किंवा जास्तही. शेवटी डॉपलर यंत्राने (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह टिपणाऱ्या) हृदय ऐकायचं, आणि खात्रीसाठी खोल भुलेतच मेंदू सुईने नष्ट करायचा. ऐकायला अंगावर काटा येतो, पण त्या वेळी प्राण्याला काही कळत नसतं, आणि तो अर्धवट शुद्धीवर येण्याची शक्यता याच पायरीने संपते. ही पायरी बघायची नसेल तर बाहेर थांबा, पण ती गाळायला सांगू नका. जाताना प्राण्याला त्याच्या नेहमीच्या उबेत न्या. गार अंगात भूल उशिरा आणि बेभरवशाची चढते.

घरगुती उपायांत फ्रीझरचं नाव सगळ्यात आधी निघतं. ‘थंडीने हळूहळू झोप लागते’ हा त्यामागचा समज. प्रत्यक्षात गारठून हालचाल बंद पडते, पण वेदनेची जाणीव गेल्याचा तो पुरावा नाही, आणि ऊतींत बर्फाचे कण बनतात. अमेरिकन पशुवैद्यक संघटनेची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं ४ ग्रॅमहून जड सरपटणाऱ्या प्राण्यासाठी गोठवणं मान्य करत नाहीत. त्याहून लहानासाठीही द्रव नायट्रोजनसारखं क्षणात गोठवणंच धरलं आहे, घरचा फ्रीझर नव्हे. कार्बन डायऑक्साइड आणि बुडवणं हे दोन्ही श्वास रोखून धरणाऱ्या प्राण्यावर फार लांबतात. कासवाच्या बाबतीत तर विचारच सोडा.

घरात आणखी प्राणी असतील तर

मग निर्णय एका जिवापुरता राहत नाही. क्रिप्टोस्पोरिडियम या आतड्यातल्या परजीवी जंतूने लेपर्ड गेकोची शेपूट काडीसारखी होते, सापाच्या मध्यभागी सूज येते आणि तो खाल्लेलं ओकतो. खात्रीचा इलाज नाही. पॅरोमोमायसिन या औषधाने जंतू मळातून पडणं कमी होतं, थांबेलच असं नाही. मळातून तो अधूनमधून पडतो, म्हणून एक अहवाल स्वच्छ आला तरी सुटका नाही, तपासणी पुन्हा करावी लागते. ब्लीचने तो मरत नाही, टाकीला कडक वाफ द्यावी लागते. खंगलेला, अहवालात सापडलेला गेको आणि शेजारी दहा निरोगी असतील, तर शांत मरणाकडे झुकणं रास्त आहे.

बोआ आणि पायथनमधला इन्क्लुजन बॉडी आजार निराळा. त्यामागचा विषाणू २०१२ मध्ये ओळखला गेला, औषध नाही. पायथनला तो झपाट्याने मज्जासंस्थेत गाठतो: मान वळते, उलटा पडला की सरळ होता येत नाही. अशा सापाला ताटकळत ठेवू नये. बोआ मात्र वर्षानुवर्षं लक्षणांशिवाय तो बाळगू शकतो. नुसत्या अहवालावर धडधाकट बोआला मारण्यापेक्षा वेगळी खोली, वेगळे चिमटे आणि गोचिडीसारख्या माइट्सचा बंदोबस्त हा पर्याय चांगला, जन्मभर पाळता येणार असेल तर.

कारण कळलं नसेल आणि इतर प्राणी असतील तर शवविच्छेदन करून घ्या. त्यासाठी मृत्यूची खात्री झाल्यावर देह फ्रीजमध्ये ठेवतात, फ्रीझरमध्ये नाही, कारण गोठलं की पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही कळत नाही. पुरायचं असेल तर मृत्यूची खात्री पटावी म्हणून आधी एक दिवस साध्या खोलीत ठेवून पाहा, आणि खड्डा खोल घ्या: पेन्टोबार्बिटल देहात राहतं आणि उकरून खाणाऱ्या कुत्र्याला किंवा घारीला ते मारू शकतं.