चौदा क्लिपा आणि १२६ रुपये : लेकीच्या गाडीचा विमा, अकरा महिन्यांनंतर

आधीच सांगते, हे मी चिडून लिहितेय. डिसेंबरात लेकीच्या हातून गाडी घासली, त्या क्लेममध्ये कंपनीने बंपरच्या क्लिपांचे पैसे दिले नाहीत, म्हणून मी भांडतेय. काल विमा कंपनीचं तिसरं उत्तर आलं आणि तेही पहिल्या दोनांची झेरॉक्स : "क्लिप्स या कन्झ्युमेबल प्रकारात येत असल्याने देय नाहीत." कन्झ्युमेबल म्हणजे वापरून संपणारं सामान. कंपनीचं नाव लिहीत नाही. रिन्यूअलसाठी चार ठिकाणी चौकशी केली, तर बाकीच्यांच्या अटीही याच मापाच्या निघाल्या. एकटीला कशाला बदनाम करा.

गाडी वॅगन-आर, १.० लिटरवाली, फेब्रुवारी २०२० ची, धाकट्या भाऊजींकडून घेतलेली. चालवणार लेक, वय १९. लर्निंग लायसन्सवर होती तेव्हा हीच गाडी, काचेवर लाल 'एल', शेजारी मी माझं लायसन्स पर्समध्ये घेऊन आणि पाय, माझ्या बाजूला नसलेल्याच ब्रेकवर. (अशा वेळी विमा लागू असतो, पण पक्कं लायसन्सवालं माणूस शेजारी हवंच. एकट्याने सोसायटीला चक्कर मारली आणि काही झालं, तर क्लेम विसरायचा.) पक्क्या लायसन्सची टेस्ट नाशिक फाट्याजवळच्या आयडीटीआरच्या (ड्रायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या) ट्रॅकवर दिली, पहिल्या फटक्यात पास. मग विमा शोधायला बसले.

मनात धास्ती होती ती इंग्लंडमधल्या लेस्टरच्या भाच्यामुळे. तोही एकोणीसचाच. तिकडे पोराचं वय, लायसन्सला किती दिवस झाले, घर कुठल्या भागात, सगळं बघून हप्ता ठरतो. त्याचा पहिल्या वर्षाचा हप्ता जवळपास त्याच्या जुन्या गाडीच्या किमतीएवढा होता, शिवाय चालवणं मोजणारी काळी डबी गाडीत. म्हणून आमच्या एजंट काकांना भीत भीत विचारलं, "मुलगी एकोणीसची आहे, किती वाढेल?" ते हसले. "ताई, आपल्याकडे गाडीचं वय विचारतात, पोरीचं नाही."

तसंच आहे. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याच्या विम्याचा, दर सरकार ठरवतं. १००० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६. चालवणारी एकोणीसची असो की साठीची. नवशिक्या मुलांसाठी गाडी घेणाऱ्यांनी इथेच लक्ष द्यावं, १.० आणि १.२ लिटर यांत दरवर्षी तेराशेचा फरक आहे, वर जीएसटी. खरी घासाघीस होते ओन डॅमेजमध्ये, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्यात. तिथे आयडीव्ही (गाडी चोरीला गेली तर कंपनी देते ती रक्कम), गाडीचं वय आणि रजिस्ट्रेशनचं गाव बघतात. पुणे मुंबईसोबत 'ए' झोनमध्ये, म्हणजे साताऱ्याच्या नणंदेपेक्षा आमचा मूळ दर किंचित जास्त. खड्डे तेवढेच.

तुलना करणाऱ्या वेबसाइटवर एक कोट चारशेने स्वस्त दिसला. खूश झाले. मग दिसलं की आयडीव्ही एक लाख नव्वद हजार टाकलीय, बाकीच्यांची दोन लाख पंचावन्न. गाडी चोरीला गेली तर चारशे वाचवून पासष्ट हजार घालवायचे. या साइटवर आयडीव्ही सगळीकडे सारखी करून मगच भाव बघा.

आता माझी हुशारी, जिचा मला चारेक महिने फार अभिमान होता. मे २०२३ मध्ये माझी अल्टो विकली, तेव्हा कंपनीकडून एनसीबीचं, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल ओन डॅमेजवर मिळणाऱ्या नो क्लेम बोनसचं, पत्र घेऊन ठेवलं होतं. पाच वर्षं क्लेम नाही, त्यामुळे ५० टक्के. हे पत्र तीन वर्षं चालतं. नो क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. भाऊजींचा बोनस भाऊजींकडे राहिला, आणि लेकीच्या नावावर गाडी केली असती तर तिचा बोनस शून्य. म्हणून आरसी माझ्या नावावर केली आणि आरसीचं काम होताच पॉलिसीही माझ्याच नावाने घेतली. ओन डॅमेज ४,६०० होतं, ते २,३०० झालं. थर्ड पार्टी २,०९४, मालक-चालक अपघात विमा ३२५, रोडसाइड असिस्टन्स १२०, सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. एकूण ५,७१०. भाच्याला सांगितलं तर तो हादरलाच. तिकडे पोराच्या गाडीला मुख्य चालक म्हणून आईचं नाव लावणं याला फ्रंटिंग म्हणतात आणि ती फसवणूक धरतात. इथे विमा गाडीचा, वैध लायसन्स असलेलं कुणीही चालवावं. निश्चिंत होते.

झिरो डेपचे, म्हणजे भाग जुने म्हणून क्लेममधून घसारा कापू न देणाऱ्या जादा कव्हरचे, १,१५० अधिक जीएसटी सांगितले होते, म्हणजे १,३५७. नको म्हटलं. या वाक्याकडे परत येऊ.

एआरएआयची (गाड्यांची चाचणी करणाऱ्या संस्थेची) मान्यता असलेलं चोरीरोधक यंत्र बसवलं तर ओन डॅमेजवर अडीच टक्के सूट मिळते. मी रोज सकाळी एआरएआयच्या टेकडीवर फिरायला जाते, त्यामुळे उगाच आपुलकी वाटली. हिशेब केला, ११५ रुपये. यंत्र काही हजारांचं. टेकडीवर नुसतंच फिरणं बरं.

डिसेंबरात लेकीने सदाशिव पेठेतल्या एका बोळात समोरून आलेल्या टेम्पोला जागा द्यायला गाडी डावीकडे घेतली आणि एका वाड्याच्या दगडी जोत्याने गाडीचा डावा कोपरा सोलून काढला. बंपर, हेडलाइट, फेंडर. जोत्याला ओरखडासुद्धा नाही. शेजारच्या काकांचा सल्ला लगेच आला, "क्लेममध्ये तू चालवत होतीस असं लिही, पोरीचं नाव बघून नाटकं करतील." मी नाही लिहिलं. खोटं लिहिलं आणि उघड झालं तर सगळाच क्लेम बुडतो. आणि खरं लिहून काही बिघडलंही नाही. सर्व्हेअरने तिचं लायसन्स बघितलं, फोटो काढले, "बोळात आरसा मिटून घ्यायचा, बाळ" एवढं बोलला आणि गेला. भला माणूस. माझं भांडण त्याच्याशी नाही.

बिल झालं १६,९५२. आता बघा काय मिळालं. बंपर ३,२००, प्लॅस्टिक म्हणून निम्मे. हेडलाइट ३,६००, तोही प्लॅस्टिकचा, निम्मे. फेंडर पत्र्याचा, १,९००, गाडी चार वर्षांच्या वरची म्हणून ३५ टक्के घसारा, ६६५ गेले. रंगकाम ५,६००, त्यातला पाव भाग रंगाचं सामान धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात, ७०० गेले. मजुरी २,४०० पूर्ण मिळाली. दर क्लेममागे सक्तीने कापतात ते हजार कापले. आणि बंपर बसवायच्या चौदा क्लिपा, १८ रुपये नग, २५२ रुपये : शून्य. खिशातून गेले ६,०१७.

झिरो डेप असतं तर यातले ४,७६५ वाचले असते. १,३५७ वाचवायला गेले होते. हे मला मान्य आहे, माझी चूक, वहीत लाल पेनने लिहून ठेवलीय.

पण क्लिपा मान्य नाहीत. क्लिप कशाची असते? प्लॅस्टिकची. पॉलिसीत काय लिहिलंय? रबर, नायलॉन, प्लॅस्टिकच्या भागांना ५० टक्के घसारा. मग क्लिपांचे निम्मे, १२६ रुपये, द्या ना! बंपर कापताना प्लॅस्टिक आठवतं, क्लिपेच्या वेळी ती कन्झ्युमेबल होते. कन्झ्युमेबल म्हणजे ऑइल, कूलंट, जे वापरून संपतं ते. क्लिप संपते का? ती बंपरला धरून बसलेली आहे, आत्ता, खाली पार्किंगमध्ये. कॉल सेंटरची मुलगी म्हणाली, "मॅम, कन्झ्युमेबल कव्हर घेतलं असतं तर मिळाले असते." म्हणजे भाग आहे की नाही ते मी कुठलं कव्हर घेते त्यावर ठरणार.

कंपनीच्या तक्रार विभागाला दोन मेल, मग बीमा भरोसा या विमा नियामकाच्या पोर्टलवर तक्रार. लेक म्हणते, "आई, १२६ रुपयांसाठी?" हो, १२६ रुपयांसाठी. पुढची पायरी विमा लोकपाल. त्यांचं ऑफिस आपल्याच नारायण पेठेत, एन. सी. केळकर रस्त्यावर, जीवन दर्शन इमारतीत आहे. फी नाही, वकील लागत नाही, फक्त आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून महिनाभर थांबावं लागतं. ते थांबून झालंय. रिक्षाने गेले तर जाऊन-येऊन १२६ च्या वर जातील, म्हणून अर्ज ऑनलाइन करणार आहे.

एवढं वाचून पॉलिसी वाईट आहे असं वाटेल, तर तसंही नाही. फेब्रुवारीत लेक मैत्रिणींबरोबर सिंहगडाला गेली, पायथ्याशी हेडलाइट चालू राहिला आणि बॅटरी उतरली. रोडसाइडवाल्याचा माणूस डोणज्यापर्यंत पन्नास मिनिटांत आला, जंपस्टार्ट करून दिलं, एक पैसा घेतला नाही. १२० रुपयांत मला त्या दिवशी जी झोप लागली! नवशिक्या मुलांच्या गाडीला हे घ्याच. बाकी सगळ्यावर घासाघीस करा, यावर करू नका.

आता माझ्या हुशारीचं काय झालं ते. क्लेम घेतल्यावर ५० टक्क्यांचा बोनस शून्यावर येतो. मग पुन्हा २०, २५, ३५, ४५ करत पन्नासवर चढायला पाच वर्षं. ओन डॅमेज ४,६०० च राहील असं धरून वहीत मांडलं, तर तेवढ्या काळात जास्तीचे ५,७५० जातात, जीएसटी धरून ६,७८५. मिळाले होते १०,९३५. म्हणजे तो क्लेम मुळात चार हजार दीडशेचा होता. गॅरेजवाल्याकडून अंदाज घेऊन, ही वजाबाकी करून मग क्लेम टाकायला हवा होता. त्याचा कच्चा आकडा आठ हजार असता तर मी टाकलाच नसता.

आणि दुसरी गोष्ट, ही जास्त लागली. तो ३२५ रुपयांचा मालक-चालक अपघात विमा, १५ लाखांचा, माझा आहे. मी गाडी महिन्यातून दोनदा चालवते. रोज चालवणाऱ्या लेकीला त्यातून काहीच नाही, कारण आरसीवर मालक मी. हे मला डिसेंबरात कागद चाळताना कळलं. २,३०० वाचवल्याचा आनंद तिथेच संपला. दुसऱ्या दिवशी तिच्या नावाने वेगळा वैयक्तिक अपघात विमा घेतला, वर्षाला साडेआठशे. शिवाय माझ्या नावावर गाडी म्हणजे तिच्या नावावर बोनस जमतच नाही. पंचविशीत स्वतःची गाडी घेईल तेव्हा पुन्हा शून्यापासून. तरी आज पुन्हा विचारलं तर आरसी माझ्याच नावावर करीन, फक्त तो साडेआठशेचा विमा पहिल्या दिवसापासून घेईन.

रिन्यूअल पुढच्या महिन्यात. गाडी पाच वर्षांवर गेल्यामुळे झिरो डेप सगळे देत नाहीत. एक कंपनी सात वर्षांपर्यंत देते, १,९०० म्हणते. घेणार. त्यात वर्षात दोनच क्लेम मिळतात, ते चालेल. कन्झ्युमेबल कव्हर १९० रुपयांना आहे. घेणार नाही. आपल्याच भांडणात आपण हरलो असं कबूल करण्यासारखं आहे ते.

त्याऐवजी शनिवारी नाना पेठेत गेले आणि स्पेअर पार्टच्या दुकानातून वॅगन-आरच्या बंपरच्या वीस क्लिपा आणल्या. पाच रुपये नग, शंभर रुपये. दुकानदाराने विचारलं, "काकू, गॅरेज आहे का तुमचं?" म्हटलं, नाही, विमा आहे. पक्कं बिल मागितलं तेव्हा मात्र त्याचा चेहरा पडला.