सूर ओळखायची ॲप्स: काही महिने वापरल्यावर

दोन सुरांमधलं अंतर ओळखायला लावणारं ॲप मी आधी घेतलं. एक सूर वाजतो, मग दुसरा, आणि पर्यायातून अंतर निवडायचं. गुण भराभर वाढले, पण गाणं लागलं की कान ठार कोरा! सा ते ग आणि म ते ध, दोन्हीकडे अंतर चार अर्धस्वरांचंच (अर्धस्वर म्हणजे पेटीवरच्या लगतच्या दोन सुरांमधलं अंतर). ॲपच्या लेखी दोन्ही एकच. गाण्यात मात्र ग निवांत उभा राहतो आणि ध पंचमाकडे झुकतो. सूर ओळखू येतो तो सा शी असलेल्या नात्यावरून, आणि ते नातं या ॲपमध्ये कुठेच नव्हतं.

म्हणून दुसऱ्या पद्धतीचं ॲप धरलं. त्यात आधी चार कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) वाजून सा कानात बसतो, मग एकच सूर येतो आणि तो कोणता ते सांगायचं. उत्तर दिल्यावर तोच सूर पायरीपायरीने सा पर्यंत नेऊन ऐकवतात. पैसे वसूल होतात ते इथेच. शुद्ध नी वरच्या सा कडे धावतो, म ग वर उतरतो, कोमल रे तर सा च्या कडेवर बसायलाच आलेला असतो. ही ओढ एकदा जाणवली की अंदाज मारावा लागत नाही. ग आणि ध यांची गल्लत मात्र बरेच दिवस पुरली. उत्तराचं बटण दाबण्याआधी सूर गुणगुणून स्वतःच सा पर्यंत उतरायला लागलो, तेव्हा ती सुटली.

फुकटच्या आवृत्तीत सा एकाच पट्टीत अडकवलेला होता, हे वाईट. मग कान नातं सोडून पट्टीच पाठ करतो. सा रोज बदलता येत नसेल तर ते ॲप घेऊच नका. महिन्याभरात ‘परफेक्ट पिच’ (आधी सा न ऐकता कोणताही सूर थेट ओळखणं) देणाऱ्या जाहिराती तर सोडूनच द्या.

गाणाऱ्यांसाठी एक गोष्ट: ॲपमधला पियानो समान विभागणीचा असतो, म्हणजे सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. तानपुऱ्याच्या खर्जातून (सर्वात खालच्या तारेतून) आपोआप उमटणारा गंधार (सा शी कंपनांचं प्रमाण 5:4) पियानोच्या ग पेक्षा सुमारे 14 सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) उतरलेला असतो. पियानोवर घोटलेला ग तानपुऱ्यावर लावला तर चढाच लागतो. त्यामुळे ओळखायला ॲप, लावायला तानपुरा, अशी वाटणी मी केली आहे.

आता संथ चालीची सरगम ऐकता ऐकता सुचते. जलद तानेत अजून काही हाती लागत नाही. आधी सात शुद्ध स्वर पक्के करा. कोमल-तीव्र धरून बाराही एकदम सुरू केलेत तर आठवड्यात ॲप उडवाल.