गच्चीचं वॉटरप्रूफिंग : बेळगाव-खानापूरच्या पावसात कोणता माल घ्यावा, कोणता टाळावा

मे महिन्यात बेळगावातल्या रंगाच्या दुकानात "गच्ची गळतेय" एवढं म्हटलं की काउंटरवर पांढऱ्या ॲक्रिलिक कोटिंगचा २० लिटरचा डबा येतो. माल चांगला आहे. पण तो प्रत्येक गच्चीला चालत नाही, आणि मे महिना तर त्याच्यासाठी सगळ्यात वाईट. इकडं गच्चीवर घातलेला पैसा बुडतो तो बहुतेक वेळा चुकीची गच्ची, चुकीचा आठवडा आणि अर्धं माप या तीन कारणांनी. डब्यावर कुठल्या कंपनीचं नाव आहे, याचा नंबर त्यानंतर लागतो. डॉ. फिक्सिट काय किंवा एशियन पेंट्स काय, ॲक्रिलिक आणि सिमेंट-पॉलिमर या दोन्ही जातींचा माल दोघांकडेही मिळतो. त्यामुळं आधी जात ठरवा, मग कंपनी.

जात ठरवायची ती पाऊस बघून. जिल्हा एकच, पण खानापूर तालुक्यातल्या कणकुंबी-जांबोटीकडं पाऊस लागला की आठवडेच्या आठवडे उघडीप नाही. बेळगाव शहरात जून ते ऑगस्ट रिपरिप आणि झड. अथणी-रायबागकडं पाऊस कितीतरी कमी, तिथं गच्चीचा खरा शत्रू म्हणजे ऊन. खानापुरात शोभणारा खर्च अथणीत उधळपट्टी ठरतो, आणि अथणीत पुरणारा उपाय खानापुरात पहिल्याच पावसाळ्यात उघडा पडतो.

ॲक्रिलिक कोटिंग

पाण्यात कालवता येणारा हा माल सुकला की रबरासारखी पातळ कातडी तयार होते. ऊन सोसते, बारीक तडा ताणून धरते, आणि रंग पांढरा असल्यामुळं खालची खोलीही थोडी थंड राहते. याची एकच दुखरी बाजू : साचलेलं पाणी. पाणी दिवसेंदिवस उभं राहिलं की ही कातडी फुगते, मऊ पडते आणि पापुद्रे सुटतात. म्हणून डबा विकत घेण्याआधी गच्ची धुवा, दोन तास थांबा, आणि जिथं पाणी थांबलंय तिथं खडूनं गोल काढा. एखाददुसरं गोल पातळ थर देऊन उतारात आणता येतं. अर्धी गच्ची खडूनं भरली तर ॲक्रिलिकचा विचार सोडा आणि आधी उतार करून घ्या. उताराचं माप साधं आहे : दहा फुटाला सव्वा इंच. पाणी जायला दोन तोंडं हवीत. एकच असलं आणि पहिल्या वादळात ते पाल्यानं तुंबलं, की गच्चीचा हौद होतो.

माप कसं चुकतं ते आता बघा, कारण खरा पैसा इथंच जातो. दोन हातांनंतर सुकलेली कातडी साधारण अर्धा मिलिमीटर जाड हवी, आणि तेवढ्यासाठी एका लिटरमध्ये १२ चौरस फुटांच्या पलीकडं जाता येत नाही. म्हणजे २० लिटरचा डबा २४० चौरस फुटांचा. ३० बाय ४० च्या प्लॉटवरच्या घराची गच्ची ३० बाय ३० धरली तर ९०० चौरस फूट. कठड्याच्या आतल्या बाजूनं एक फूट वर चढवायचं, ते १२० चौरस फूट. एकूण १०२० भागिले १२, म्हणजे ८५ लिटर. चार डबे आणि वर पाच लिटर. याच गच्चीला कुणी दोन डब्यांत काम करून देतो म्हणाला तर तुम्हाला अर्धी जाडी मिळणार आहे. ती पहिल्या वर्षी दिसायला तितकीच पांढरी असते, फरक दुसऱ्या पावसाळ्यात कळतो. दर विचारताना चौरस फुटाचा दर विचारू नका, "किती लिटर वापरणार?" हे विचारा, कागदावर लिहून घ्या, डबे तुमच्यासमोर फोडायला सांगा आणि रिकामे डबे काम संपेपर्यंत गच्चीवरच ठेवा.

लावण्याची रीत. शेवाळ तारेच्या ब्रशनं खरवडून गच्ची धुवायची. तडे छिन्नीनं इंग्रजी व्हीसारखे अर्धा इंच उघडायचे, धूळ काढायची आणि क्रॅक फिलर भरायचा. नुसता वरून फासलेला फिलर उन्हात गच्ची ताणली की सुटतो. गच्ची आणि कठडा मिळतो त्या कोपऱ्यात सिमेंटची दोन इंची गोलाई करून घ्या. एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू, आणि पाण्यात एसबीआर लेटेक्स, म्हणजे सिमेंटची पकड वाढवणारं दुधाळ रबरी द्रावण. काटकोनात कातडी ताणली जाऊन फाटते, गोलाईवर फाटत नाही. मग पाणी घालून पातळ केलेला पहिला हात, प्रायमर म्हणून. तो वाळल्यावर कोपरे आणि भरलेले तडे यांवर फायबरची जाळी अंथरून पहिला पुरा हात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या आडव्या दिशेनं दुसरा. प्रायमरनंतर मालात पाण्याचा थेंब घालायचा नाही. कामगार हात हलका चालावा म्हणून मग्गाभर पाणी ओततात. तिथं उभं राहून अडवा.

गच्ची आतून वाळलेली आहे का, हे बघायला दोन फूट प्लास्टिक कागद चारी बाजूंनी टेपनं चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी कागदाखाली घाम आला असेल तर काम पुढं ढकला. आत अडकलेली ओल दुपारच्या उन्हात वाफ होऊन कोटिंगला फोड आणते. विटांच्या तुकड्यांचा जुना कोबा असेल तर लोखंडी सळईनं ठोकत चाला. पोकळ आवाज येतो तिथं कोबा सुटलाय. खाली पाणी फिरत असतं आणि गळती भलत्याच खोलीत दिसते. तेवढा भाग काढून नवा केल्याशिवाय वर काहीही लावणं फुकट.

आता आठवडा. बेळगावात वैशाखातली शिवजयंती आटोपते तेव्हा दुपारचे वळवाचे ढग जमायला लागलेले असतात. सकाळी लावलेलं कोटिंग संध्याकाळच्या वळवात धुऊन गेलं की डबा गेला आणि मजुरीही गेली. शिवाय मेच्या भर दुपारी तापलेल्या स्लॅबवर माल वरून लगेच धरतो, आत ओला राहतो आणि बारीक भोकं पडतात. म्हणून शिमगा ते गुढीपाडवा हा खरा काळ. रात्री कोरड्या, वळीव क्वचित, गवंडी आणि रंगारी मोकळे. लग्नसराई सुरू झाली की तेच लोक मिळत नाहीत आणि मजुरी चढते. काम सकाळी दहाच्या आत किंवा चारनंतर. शेवटच्या हातानंतर आठवडाभर गच्चीवर वाळवण नाही, खाट नाही.

निकाल : उतार बरोबर असलेल्या बेळगाव शहरातल्या आणि पूर्वेकडच्या गच्चीला पहिली पसंती. चार-पाच वर्षांनी वरून एक हात द्यावा लागणार, हे धरून चाला.

दोन भागांचं सिमेंट-पॉलिमर

एका पिशवीत भुकटी, एका कॅनमध्ये पांढरं दूध. दोन्ही ड्रिलला लावलेल्या फिरकीनं मिसळायचं. काठीनं ढवळलं की गुठळ्या राहतात आणि प्रत्येक गुठळी म्हणजे एक भोक. ॲक्रिलिकच्या उलट, हा माल ओलसर पृष्ठभागावर लागतो, पण पाणी चकाकताना दिसलं नाही पाहिजे. १०० चौरस फुटांना दोन हात मिळून १५ ते १८ किलो लागतो. कालवलेला माल अर्ध्या-पाऊण तासात घट्ट व्हायला लागतो, म्हणून एका वेळी थोडाच कालवा.

साचलेलं पाणी हा सहन करतो. संडास-बाथरूम, पाण्याच्या टाकीचा कट्टा, कुंड्या ठेवायची जागा, इथं हाच घ्या. मात्र उघड्या गच्चीवर त्याच्यावर चालणं-फिरणं झालं की तो झिजतो. वर सिमेंटचा पातळ थर किंवा फरशी हवीच, आणि तिथं खर्च वाढतो. वर थर टाकण्याआधी आठवडाभर थांबून गच्चीची तोंडं बंद करा, दोन इंच पाणी ४८ तास उभं ठेवा आणि खालून छत तपासा. ही चाचणी करारात घाला. शेवटचा हप्ता त्यानंतर द्या.

शहरात सर्रास दिसणाऱ्या दोन गोष्टींना कुठल्याच कोटिंगनं बरं वाटत नाही. पहिली, पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळया. पाणी सळईच्या कडेनं थेट कॉलममध्ये उतरतं, सळई गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते. सळया तारेच्या ब्रशनं घासून त्यांवर लेटेक्स घातलेलं सिमेंटचं दूध फासा आणि बुडाशी फूटभर उंचीचा, चारी बाजूंनी उतार असलेला कच्च्या काँक्रीटचा ठोकळा घाला. मजला चढवताना तो फोडता येतो. दुसरी, सोलर हीटरचं स्टँड. स्लॅबला भोक पाडून बोल्ट मारलेला असतो. प्रत्येक बोल्टाभोवती सीलंट भरा. नवं स्टँड बसवत असाल तर ते काँक्रीटच्या ठोकळ्यांवर बसवायला सांगा, स्लॅबला भोक पाडूच देऊ नका.

डांबरी शीट

गॅसच्या बर्नरनं चिकटवायची तीन-चार मिलिमीटर जाड शीट. जोडावर किमान चार इंच एकावर एक हवी. नव्या, कोरड्या स्लॅबवर वरून फरशी येणार असेल तर ठीक. जुन्या ओल्या कोब्यावर लावली तर आतली ओल फोड आणते. एकदा कुठं फाटली की पाणी शीटखालून पसरतं आणि भोक नेमकं कुठं आहे ते सापडत नाही. उघडी ठेवली तर उन्हात घर तापवते. साध्या घराला आमची शिफारस नाही.

पत्र्याचं शेड

खानापूर, जांबोटी, चंदगडच्या बाजूला हाच शहाणपणाचा खर्च. एकदाच मोठी रक्कम जाते, पण गच्ची कोरडी राहते, आणि पावसाळ्यात कपडे आणि धान्य वाळवायला जागा मिळते. वारा नैऋत्येकडून येतो, म्हणून नैऋत्येच्या कडेचे बोल्ट इतर ठिकाणांपेक्षा जवळ घ्या. पत्रा उडतो तो कडेपासून. रबरी वॉशर उन्हात चिरतात. दर तीन-चार वर्षांनी बदला. बोल्ट पन्हळीच्या माथ्यावर मारायचा, खाचेत मारला तर पाणी तिथूनच आत येतं. शेड असलं तरी पश्चिमेची भिंत झड खातच राहते, तिचं प्लास्टर आणि खिडकीवरचे छज्जे वेगळे बघा. नगरपालिका-महानगरपालिकेच्या हद्दीत आधी परवानगीची चौकशी करा. आणि तिकडं जाणारच आहात तर घरपट्टी एप्रिलमध्येच भरा, ५ टक्के सूट मिळते.

अथणी-गोकाककडं शेड केवळ गळतीसाठी करू नका, पैसा वसूल होत नाही.

कौलारू घर

मंगलोरी कौलांची शाकारणी मृगाच्या आधी, तीही वळीव सुरू होण्याआधी. १०० चौरस फुटांना साधारण १४० कौलं धरा आणि माकडांचा त्रास असलेल्या गावात थोडी जादा आणून ठेवा. नवी कौलं जुन्यांत मिसळताना साचा जुळतो का, हे चार कौलं बसवून बघा. वेगवेगळ्या कारखान्यांच्या खाचा जुळत नाहीत आणि त्या फटीतूनच गळतं. कौलांखाली प्लास्टिक ताडपत्री घट्ट ताणू नका. खालची ओल अडकते आणि रिपा कुजतात. जांभ्या दगडाच्या भिंतीला पश्चिमेकडून गिलावा नसेल तर चुन्याचा किंवा सिमेंटचा पातळ गिलावा द्या, दगड पाणी शोषतो.

घर विकत घेणाऱ्यांसाठी

उन्हाळ्यात सगळीच घरं कोरडी असतात. शक्य असेल तर जुलैत बघा. नाहीच जमलं तर पोटमाळ्याचं छत, भिंतीतल्या कपाटाची पाठ आणि स्विचबोर्डच्या भोवतालचा रंग तपासा. विकणारा दिवाणखाना रंगवतो, या जागा रंगवायचं राहतं. बोटाला पांढरी पूड लागली तर लोणा (भिंतीतून फुटलेला क्षार) आहे, म्हणजे भिंत दरवर्षी भिजते. पिवळट कडा असलेला डाग गळतीचा. फक्त उत्तर-पश्चिम कोपऱ्यातली काळी बुरशी अनेकदा हवा न खेळल्यामुळं येते; ती गळती समजून भाव पाडायला जाऊ नका. व्यवहार ठरवताना गच्चीत २४ तास पाणी उभं ठेवण्याची अट घाला. विकणारा तयार नसेल तर कोबा काढून नवा करण्याचा खर्च किमतीतून वजा धरून बोला.

नवा फ्लॅट रेरात (बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणात) नोंद असलेल्या प्रकल्पातला असेल, तर २०१६ च्या कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत कळवलेला बांधकामाचा किंवा कामाच्या दर्जाचा दोष बिल्डरनं ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. पहिल्या पावसात डाग दिसताच तारीख दिसेल असा फोटो काढा आणि तक्रार लेखी द्या, पोच घ्या. तक्रारीआधी स्वतःच्या खर्चानं वर काही लावून घेतलंत, तर दोष कुणाचा हा वाद बिल्डरच्या बाजूनं झुकतो.